काँक्रीटची होडी : एक अभ्यासपाठ



दगड पाण्यात बुडतो आणि लाकूड तरंगते, हे शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच प्रत्येकाला ठाऊक झालेले असते. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचे मिश्रण घट्ट झाले की त्याचाही एक प्रकारे दगडच होतो. तेव्हा काँक्रीट पाण्यात बुडणारच, असा निष्कर्ष कोणीही काढील आणि त्याला फारसे कोणी हरकतही घेणार नाही. असे असूनही अमेरिकेतील विद्यापीठांत स्थापत्य अभियांत्रिकी शिकणारे विद्यार्थी काँक्रीटच्या होड्या बांधतात, त्यांत स्वतः बसून वल्ही मारतात आणि त्यांच्या शर्यती लावतात. पन्नासहून अधिक वर्षे हा उपक्रम चालू आहे. वरवर पाहता तो गमतीचा वाटतो. पण गंभीर अभ्यासाचे जे जे अंग असते ते सारे त्यात आहे.

आम्ही इतिहासाचे अध्यापक. स्थापत्यशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तरीही या स्मरणिकेसाठी हा विषय आम्ही दोन कारणांनी निवडला. पहिले कारण असे की, या होडीच्या मागे दीडशेहून अधिक वर्षांचा एक रंजक इतिहास उभा आहे. दुसरे कारण आपल्या वसतिगृहाच्या अधिक जवळचे आहे. येथे राहणाऱ्या अनेक मुलामुलींचे आईवडील इमारतींच्या बांधकामावर राबतात. घमेले, थापी, ओळंबा, सेंट्रिंग, सळई, ‘पाणी मारणे’ हे शब्द या मुलांनी पुस्तकातून शिकलेले नाहीत. त्यांच्या घरातले हे शब्द विद्यापीठाच्या दारात पोहोचल्यावर कोणते शास्त्र होतात, हे त्यांना कळावे, अशी आमची इच्छा आहे.

१. जड वस्तू का तरंगते?

प्रथम एक साधा प्रयोग करू. भोजनगृहातील स्टीलची एक वाटी घ्या आणि पाण्याने भरलेल्या बादलीत अलगद ठेवा. ती तरंगेल. आता तीच वाटी आडवी करून पाण्यात सोडा. ती तळाशी जाईल. वाटीचे वजन बदलले नाही आणि स्टीलही बदलले नाही. बदलली ती तिची पाण्यातील स्थिती.

ग्रीक विद्वान आर्किमिडीज याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात या घटनेचा नियम सांगितला. पाण्यात ठेवलेली वस्तू काही पाणी बाजूला सारते. जेवढे पाणी ती बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतक्या जोराने पाणी तिला वर उचलते. हा जोर वस्तूच्या वजनाला पुरा पडला, तर वस्तू तरंगते. अपुरा पडला, तर ती बुडते.

हा नियम काँक्रीटला लावून पाहू. नेहमीच्या काँक्रीटचे एक घनमीटर वजन सुमारे २४०० किलो भरते. पाण्याचे एक घनमीटर १००० किलो. आता सहा मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर उंच अशी वरून उघडी पेटी डोळ्यांपुढे आणा. तिचा तळ आणि चारही बाजू मिळून सुमारे ७.५६ चौरस मीटर क्षेत्र होते. भिंतींची जाडी फक्त १२ मिलिमीटर ठेवली, तर सुमारे ०.०९१ घनमीटर काँक्रीट लागेल आणि त्याचे वजन २१८ किलोच्या आसपास होईल.

एवढ्याच काँक्रीटचा भरीव ठोकळा केला, तर तो जेमतेम ९१ लिटर पाणी बाजूला सारील. म्हणजे वर उचलणारा जोर ९१ किलोचा आणि ठोकळ्याचे वजन २१८ किलोचे. ठोकळा बुडेल. पण पेटीच्या रूपात तेच काँक्रीट काठापर्यंत १०८० लिटर पाणी बाजूला सारू शकते. प्रत्येकी ६५ किलो वजनाची चार माणसे तीत बसली, तर एकूण भार ४७८ किलो होईल आणि पेटी केवळ तेरा सेंटिमीटर पाण्यात जाईल. सतरा सेंटिमीटर काठ पाण्याच्या वर राहील. हे गणित वहीत स्वतः करून पाहा. आमच्या सांगण्यावर विसंबू नका.

खरी होडी अशी चौकोनी पेटी नसते. ती दोन्ही टोकांना निमुळती आणि तळाशी गोलसर असते, म्हणून तिचे गणित अधिक कठीण असते. तत्त्व मात्र हेच. ‘काँक्रीट बुडते’ हे विधान भरीव ठोकळ्यापुरते खरे आहे. ते काँक्रीटच्या स्वभावाचे कायमचे वर्णन मानले, तर होडी बांधण्याचा विचारच कोणाच्या मनात येणार नाही. ज्यांच्या मनात तो आला, त्यांची हकीकत आता पाहू.

२. शेतावरच्या तळ्यातून समुद्रापर्यंत

फ्रान्सच्या दक्षिण भागातील मिराव्हाल येथे जोसेफ-लुई लांबो नावाचा एक जमीनदार शेतकरी राहत असे. लोखंडी तारांच्या जाळीवर सिमेंटचा गिलावा चढवला, तर ओलाव्याने न कुजणारी भांडी आणि फळ्या करता येतील, असे त्याला वाटले. १८४८ साली त्याने याच रीतीने एक छोटी होडी केली. १८५५ साली पॅरिसमध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनात त्याची होडी मांडण्यात आली आणि त्याच वर्षी त्याने आपल्या शोधाचे पेटंट घेतले. ओलाव्याच्या जागी लाकडाऐवजी वापरता येईल असा पदार्थ, अशीच त्याची स्वतःची कल्पना होती. त्याच्या होड्यांचे अवशेष फ्रान्समध्ये आजही जतन केलेले आहेत.

त्यानंतर १८६७ साली जोसेफ मोनिए या फ्रेंच माळ्याने बागेतील झाडे लावण्यासाठी लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचे पेटंट घेतले. आज जगभर इमारती आणि पूल ज्या लोहयुक्त काँक्रीटने उभे राहतात, त्याच्या आरंभीच्या इतिहासात एका शेतकऱ्याच्या होडीला आणि एका माळ्याच्या कुंडीला असे मानाचे स्थान आहे. इमारती मागाहून आल्या. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही गोष्ट विसरू नये.

लोखंड का घालावे लागते, हेही येथेच समजून घ्यावे. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र त्याला सोसत नाही. काँक्रीटच्या खांबावर मजलेच्या मजले उभे राहतात. पण काँक्रीटची पातळ फळी दोन विटांवर ठेवून मध्यभागी भार दिला, तर तिच्या खालच्या अंगाला चीर पडते. त्या अंगाला ताण बसतो. तो ताण लोखंड आपल्या अंगावर घेते. दोन पदार्थ एकमेकांचे उणे भरून काढतात आणि त्यांतून तिसरेच सामर्थ्य जन्माला येते.

पहिल्या महायुद्धात पोलादाची टंचाई झाली, तेव्हा जहाजे बांधण्यासाठी काँक्रीटकडे लक्ष गेले. नॉर्वेमध्ये निकोलाय फाउग्नर या अभियंत्याने १९१७ साली ‘नामसेनफ्योर्ड’ हे काँक्रीटचे जहाज समुद्रात उतरवले. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ‘फेथ’ हे जहाज तयार झाले. अमेरिकन सरकारने अशी चोवीस जहाजे बांधण्याची योजना आखली. त्यांपैकी बाराच पुरी झाली, आणि तीही युद्ध संपल्यावर. त्यांतील ‘सेल्मा’ हे जहाज २८ जून १९१९ रोजी पाण्यात उतरले. त्याच दिवशी व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या. ज्या युद्धासाठी ते जहाज बांधले, ते युद्ध संपल्याची मोहोर उठत असताना त्याचे जलावतरण होत होते. पुढे एका अपघातात त्याचा तळ फाटला आणि १९२२ साली ते टेक्सासमधील गॅल्व्हेस्टनजवळ उथळ पाण्यात बुडवून टाकण्यात आले. त्याचा सांगाडा आजही तेथे दिसतो.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. जून १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या फौजा फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. तेथे तात्पुरती बंदरे उभारण्यासाठी इंग्लंडमध्ये काँक्रीटच्या प्रचंड पोकळ पेट्या बांधण्यात आल्या होत्या. त्यांतील सर्वांत मोठ्या पेट्या सुमारे सहा हजार टनांच्या होत्या. त्या तरंगत्या ठेवून, जहाजांनी ओढत, इंग्लिश खाडीपार नेल्या आणि तेथे पाणी भरून तळाला टेकवल्या. म्हणजे तरंगणे आणि बुडणे हे दोन्ही गुण अभियंत्यांनी एकाच वस्तूकडून, आपल्याला हव्या त्या वेळी, करवून घेतले.

३. इलिनॉयमधील पहिली शर्यत

विद्यार्थ्यांच्या होडीचा इतिहास १९७० च्या सुमारास अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात सुरू होतो. तेथील प्राध्यापक क्लाइड केस्लर यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी काँक्रीटची एक ‘कनू’ बांधली. शेजारच्या इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीही आपली होडी केली आणि १९७१ साली इलिनॉयमधील किकापू स्टेट पार्क येथे दोन्ही विद्यापीठांची शर्यत झाली. दोन विद्यापीठांतील ही चुरस पाहता पाहता अनेक विद्यापीठांत पसरली.

‘कनू’ म्हणजे लांब, अरुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती अशी हलकी होडी. तिचे वल्हे काठाला अडकवलेले नसते. ते दोन्ही हातांत धरून मारायचे असते. हा शब्द कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांच्या भाषेतून स्पॅनिश भाषेत आणि तेथून इंग्रजीत आला. उत्तर अमेरिकेतील आदिवासी बर्च झाडाच्या सालीपासून अशा होड्या करीत. त्या इतक्या हलक्या असत की, एका नदीतून दुसऱ्या नदीकडे जाताना खांद्यावर घेऊन चालता येई. युरोपातून आलेल्या व्यापाऱ्यांनी त्या खंडाच्या अंतर्भागात प्रवास केला, तो बहुतांशी याच होड्यांतून.

पहिली शर्यत ज्या ठिकाणी झाली, त्याचे नावही अभ्यास करण्यासारखे आहे. किकापू हे एका आदिवासी जमातीचे नाव. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात करारांच्या दडपणाने या जमातीला इलिनॉयमधील आपली भूमी सोडून पश्चिमेकडे जावे लागले. मागाहून त्या परिसरात कोळशाच्या उघड्या खाणी खोदल्या गेल्या. खाणी संपल्यावर राहिलेल्या खड्ड्यांत पाणी साचून तळी झाली आणि तेथे उद्यान करण्यात आले. होडीचा घाट मूळ रहिवाशांचा, जागेचे नाव मूळ रहिवाशांचे. पाण्याकाठी मात्र ते लोक उरले नव्हते. विद्यार्थ्यांच्या शर्यतीला आम्ही यासाठी दोष देत नाही. परंतु एखादे कौशल्य कोणाच्या हातून आपल्यापर्यंत आले, हे विचारणे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य आहे, आणि ते उत्तर प्रयोगवहीतही लिहिले गेले पाहिजे.

अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स ही अभियंत्यांची संस्था १८५२ साली स्थापन झाली. तिच्या पुढाकाराने १९८८ पासून काँक्रीटच्या होड्यांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. आधी विभागीय फेऱ्या होतात. त्यांतून निवडलेले संघ राष्ट्रीय फेरीत उतरतात. मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठाने २००३ ते २००७ अशी सलग पाच वर्षे ही स्पर्धा जिंकली. कॅनडा, जर्मनी आणि नेदरलँड्स या देशांतही विद्यार्थ्यांच्या अशा स्पर्धा होतात.

४. होडी कशी घडते?

होडी विद्यार्थ्यांनीच आखायची आणि विद्यार्थ्यांनीच बांधायची, हा या स्पर्धेचा गाभा आहे. हे काम जवळजवळ संपूर्ण शैक्षणिक वर्षभर चालते.

आरंभ आकारापासून होतो. लांब आणि अरुंद होडी सरळ रेषेत वेगाने जाते. पण ती वळायला अवघड आणि कलंडायला सोपी असते. रुंद होडी स्थिर असते. पण पाण्याचा अडथळा तिला अधिक होतो. शर्यतीत सरळ धावही असते आणि वळणेही असतात. म्हणून दोन्हींचा मेळ घालणारा आकार शोधावा लागतो. बहुतेक होड्या सहा मीटरच्या आसपास लांब असतात आणि त्यांची जाडी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या घरात असते.

दुसरा टप्पा मिश्रणाचा. खडीच्या जागी येथे भाजून फुगवलेल्या मातीचे किंवा काचेचे हलके कण आणि काचेचे अतिसूक्ष्म पोकळ गोळे घालतात. त्या पोकळीतील हवेमुळे काँक्रीटचे वजन घटते. सिमेंटचा काही भाग कमी करून औष्णिक वीज केंद्रातील राख किंवा लोखंडाच्या भट्टीतील मळी वापरतात. चिरा पसरू नयेत म्हणून बारीक तंतू मिसळतात. अशा रीतीने पाण्याहूनही हलके काँक्रीट तयार करता येते. पण हलकेपणाची किंमत द्यावी लागते. पोकळी वाढली की बळकटी घटते. म्हणून एका घटकाचे प्रमाण बदलायचे, नमुन्याची नळकांडी ओतायची, सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी ती यंत्रात दाबून फोडायची, आकडे लिहायचे आणि पुन्हा मिश्रण करायचे, असा क्रम कित्येक महिने चालतो.

मिश्रणात पाणी किती घालावे, हा त्यातील सर्वांत नाजूक प्रश्न. पाणी वाढवले की माल सैल होतो आणि थापायला सोपा जातो. परंतु सुकल्यावर कमकुवत ठरतो. शिकागो येथील संशोधक डफ एब्रॅम्स यांनी १९१८ साली पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणाचा काँक्रीटच्या बळकटीशी असलेला संबंध नियमाच्या रूपात मांडला. बांधकामावर माल कालवणारी अनुभवी बाई घमेल्यातील माल पाहून ‘पाणी जास्त झालं’ असे म्हणते, तेव्हा ती याच नियमाच्या आधारे निर्णय देत असते. तिच्याजवळ आकडा नसतो, डोळा असतो. विद्यापीठातील विद्यार्थ्याजवळ आकडा असतो. तसा डोळा त्याला वर्षभर खपून कमवावा लागतो.

तिसरा टप्पा होडी थापण्याचा. फोमचा किंवा लाकडाचा साचा आधीच तयार करून घासून गुळगुळीत केलेला असतो. ठरलेल्या दिवशी संपूर्ण संघ जमतो. कोणी घटक तोलतो, कोणी माल कालवतो, कोणी थर चढवतो, कोणी मोजपट्टीने किंवा टोचणीने जागोजागी जाडी तपासतो. पहिल्या थरावर तंतूंची जाळी अंथरतात आणि तिच्यावर दुसरा थर देतात. माल घट्ट होण्यापूर्वी सारे उरकले पाहिजे, नाहीतर थर एकजीव होत नाहीत. एका जागी जाडी कमी राहिली, तर पुढे चीर तेथेच पडते. जास्त झाली, तर होडीचे वजन वाढते. एकाने केलेली हयगय सर्वांना भोवते.

त्यानंतर होडी आठवडेच्या आठवडे ओलसर ठेवतात. सिमेंट सुकून घट्ट होते, अशी अनेकांची समजूत आहे. वास्तविक सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक क्रियेने ते घट्ट होते आणि ही क्रिया चालू राहण्यासाठी ओलावा टिकावा लागतो. नव्या स्लॅबवर आळी करून पाणी साठवतात आणि खांबांना ओली गोणपाटे गुंडाळतात, ती याचसाठी. होडी पुरेशी पक्की झाल्यावर साच्यातून सोडवतात, घासून तिचा पृष्ठभाग नितळ करतात आणि रंगवून तिला नाव देतात. साच्यातून सोडवण्याचा क्षण फार धास्तीचा असतो. इतक्या पातळ कवचाला एका बाजूने जरा जास्त हिसका बसला, तरी वर्षभराच्या श्रमांना तडा जातो.

५. पाण्याची परीक्षा

या स्पर्धेत कोणाची होडी पुढे गेली, एवढ्यावर निकाल लागत नाही. राष्ट्रीय स्पर्धेत अनेक वर्षे गुणांचे चार समान भाग होते : लेखी अहवाल, तोंडी सादरीकरण, होडीची घडण आणि प्रत्यक्ष शर्यत. म्हणजे केवळ दंडाच्या बळावर जिंकता येत नसे आणि केवळ छान बोलूनही भागत नसे. कोणते मिश्रण का निवडले, कोणते का टाकून दिले, हे कागदावर मांडावे लागे आणि परीक्षकांच्या प्रश्नांना उभ्याने उत्तरे द्यावी लागत. शर्यतींमध्ये मुलांच्या, मुलींच्या आणि दोघांच्या एकत्रित अशा वेगवेगळ्या फेऱ्या असतात. काही फेऱ्या सरळ वेगाच्या, काही बोयांना वळसे घालत जाण्याच्या. होडी बांधणारे हातच ती वल्हवतात.

शर्यतीपूर्वी होडीला आणखी एक कसोटी द्यावी लागते. होडी पाण्याने पूर्ण भरून पाण्याखाली दाबतात. सोडल्यावर ती आपोआप वर आली पाहिजे. मघाचे गणित येथे पुन्हा उपयोगी पडेल. पेटी पाण्याने भरली की तिची पोकळी निरुपयोगी होते; मग केवळ ०.०९१ घनमीटर काँक्रीट तेवढे पाणी बाजूला सारते. नेहमीच्या काँक्रीटची २१८ किलोची पेटी तळाशी जाईल. पण घनमीटरला ९०० किलो वजनाचे हलके काँक्रीट वापरले, तर पेटी सुमारे ८२ किलोची होईल आणि तिला उचलणारा जोर ९१ किलोचा असेल. ती वर येईल. वजनदार होड्यांच्या दोन्ही टोकांना हवा धरून ठेवणारा फोम बसवतात, तोही याच कारणासाठी. आकाराने तरंगणे आणि अंगच्या हलकेपणाने तरंगणे यांतील फरक ही कसोटी उघड करते.

काही होड्या या कसोटीत नापास होतात. काहींना प्रवासात तडे जातात. काही शर्यतीच्या मध्यावर दुभंगतात आणि वल्हवणाऱ्यांना पोहत काठ गाठावा लागतो. तेथे कारणे सांगून उपयोग नसतो. अहवालाची भाषा किती सुंदर आहे, विद्यापीठ किती जुने आहे, संघातील मुलांची आडनावे काय आहेत, याची पाण्याला काही देणेघेणे नसते. तडा कोठे पडला, तेथे जाळी होती की नाही, जाडी किती होती, एवढेच प्रश्न शिल्लक राहतात. म्हणूनच फुटलेल्या होडीचे तुकडे जाणते संघ फेकून देत नाहीत. ते मोजतात, तपासतात आणि निष्कर्ष लिहून ठेवतात. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना ती वही मिळते. ज्यांनी होडी बुडताना पाहिली ते पदवी घेऊन निघून जातात. त्यांचे अपयश मात्र कामाला येत राहते.

६. थापी आणि वही

आमच्या मते या साऱ्या उपक्रमाचे मर्म त्याच्या श्रमविभागणीत आहे. किंबहुना ती विभागणी मोडण्यात आहे. ज्याने संगणकावर आकार आखला, तोच घमेले उचलतो. जिने मिश्रणाचे आकडे मांडले, तीच गुडघ्यावर बसून थापी चालवते. आपल्या देशात शतकानुशतके याच्या उलट चालत आले. ज्यांनी दगड घडवला, विटा भाजल्या, चुना मळला, त्यांना लेखणीपासून दूर ठेवण्यात आले. ज्यांच्या हाती लेखणी होती, त्यांनी हाताने काम करणे हलके मानले. यात नुकसान दोघांचेही झाले. एकाचा अनुभव लिहिला गेला नाही, म्हणून तो त्या माणसाबरोबरच संपला. दुसऱ्याचे ज्ञान वस्तूवर तपासले गेले नाही, म्हणून ते पाठांतर होऊन राहिले. सर्वांत मोठी हानी समाजाची झाली; कारण प्रश्न विचारणारा आणि माल कालवणारा यांची गाठच पडली नाही.

काँक्रीटच्या होडीत ही गाठ पडते. म्हणून आपल्या मुलामुलींनी या होडीकडे परदेशातील नवलाची वस्तू म्हणून पाहू नये. सुट्टीत घरी जाल, तेव्हा आईला किंवा वडिलांना विचारा : माल पातळ झाला हे कशावरून ओळखता? स्लॅबला किती दिवस पाणी मारता, आणि नाही मारले तर काय होते? सळई खालच्या अंगाला का ठेवतात? मिळालेली उत्तरे वहीत लिहा. मग विज्ञानाच्या शिक्षकांना त्यांची कारणे विचारा आणि तीही शेजारी लिहा. जेथे घरचे उत्तर आणि पुस्तकातील उत्तर जुळणार नाही, तेथे खूण करून ठेवा. खरा अभ्यास त्या खुणेपाशी सुरू होतो.

आणखी एक गोष्ट. ‘हे बुडणारच’ असा निकाल वस्तूंविषयी जसा दिला जातो, तसाच माणसांविषयीही दिला जातो, आणि तो देणारा बहुधा काहीही तपासून पाहत नाही. अशा निकालाला नुसत्या रागाने उत्तर देता येत नाही. इलिनॉयच्या विद्यार्थ्यांनी वजन केले, आकार आखला, नमुने फोडले, माल थापला, महिनोन्‌महिने वाट पाहिली आणि मग होडी पाण्यात सोडली. उत्तर देण्याची ती रीत आपल्या शाळेने उचलण्यासारखी आहे.

स्वाध्याय

१. लेखातील पेटीची भिंत १२ ऐवजी २४ मिलिमीटर जाडीची केली, तर नेहमीच्या काँक्रीटमध्ये तिचे वजन अंदाजे किती होईल? चार माणसांसह ती किती सेंटिमीटर पाण्यात जाईल? ती तरंगेल काय?

२. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. ओल्या मातीची पातळ फळी करून उन्हात वाळवा. दुसरी फळी करताना तीत सुतळीची जाळी घाला. दोन्ही फळ्या दोन विटांवर ठेवून मध्यभागी थोडे थोडे वजन वाढवा आणि निरीक्षणे लिहा.

३. लांबोची होडी, ‘सेल्मा’ जहाज आणि नॉर्मंडीच्या पेट्या, या तिन्हींमागची गरज वेगवेगळी होती. प्रत्येकीविषयी चार ओळी लिहा.

४. होडीचे नाव, आकार आणि पहिल्या शर्यतीची जागा यांतून अमेरिकेच्या मूळ रहिवाशांविषयी काय कळते?

५. आपल्या घरातील किंवा वस्तीतील बांधकाम कामगाराची मुलाखत घ्या. त्यांनी अनुभवातून शिकलेल्या तीन गोष्टी लिहा आणि त्यांपैकी एकीचे शास्त्रीय कारण शोधा.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर मुलाखत देणाऱ्या व्यक्तीला वाचून दाखवावे. त्यांनी सुचवलेली दुरुस्ती वेगळ्या शाईने, त्यांच्या नावासह, वहीत नोंदवावी.